नादाच्या नादी

कोबेला पोचलो त्या संध्याकाळीच भाच्याने मला नादाच्या नादी लावले. नादा हे साकेचे माहेरघर. साके म्हणजे तांदळाची दारू, सौ.साठी आपण 'पेय' म्हणू! लाकडी मापात पेला ठेवून तो ऊतू जाईपर्यंत भरतात. त्या ओव्हरड्राफ्टनेच माझ्यातला कारकून हादरला.

पहिला पेला दाइगिंजोचा. याच्यासाठी तांदूळ घासून घासून जेमतेम निम्मा उरवतात. एवढी कपात आमच्या पगारातूनही होत नाही! वास फळांचा, चव गुळगुळीत. पण गाव कुठले, ते काही कळेना. बदलीवर आलेल्या साहेबासारखी.

दुसरा साध्या जुन्माईचा. तांदूळ, कोजी आणि पाणी, बस्स. घोट कोरडा, करकरीत. हा मात्र इथलाच! इथल्या 'मियामिझु' पाण्यात खनिजे भरपूर, म्हणून आंबवण जोरात होते. क्योतोत फुशिमीचे पाणी मऊ, तर तिथली साकेही मवाळ.

"मामा, कुठली आवडली?" भाच्याने विचारले.

आमच्या गावच्या विहिरीचे पाणीही असेच जड. डाळ शिजत नसे म्हणून आई जन्मभर त्याला बोल लावीत आली. जड पाण्याचेही कुणी नाव काढते, हे तिला सांगायचे राहूनच गेले.

"दुसरी," मी म्हटले, आणि मापात सांडलेलेही पिऊन टाकले.