तिसरी घंटा आणि रात्रपाळी

फेब्रुवारी उजाडला की मुंबईत कलेचा हंगाम भरात येतो. 1999 पासून भरणारा काळा घोडा महोत्सव, 1952 पासून चित्रकारांचे हक्काचे ठिकाण झालेली जहांगीर कलादालनाची दालने, 1978 साली सुरू झालेल्या पृथ्वी थिएटरातले प्रयोग, कला महाविद्यालयांतल्या तरुणांची वार्षिक प्रदर्शने. या महिन्याचे परीक्षण लिहिणारे ‘शहराने काय पाहिले’ असा हिशेब मांडतात. त्या हिशेबातले शहर नेमके कुठे संपते, हा प्रश्न भिवंडीतून विचारला तर त्याचे उत्तर कलेच्या इतिहासापेक्षा कापडाच्या इतिहासात अधिक सापडते.

मुंबईच्या गिरणीने कापडाबरोबर प्रेक्षकही घडवला. पाळी ठरलेली होती, भोंगा झाला की माणूस मोकळा होत असे. त्या मोकळ्या संध्याकाळीवर कामगार रंगभूमी उभी राहिली. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचा परळचा दामोदर हॉल 1922 सालचा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 चे. पुढे कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धांनी साच्यावर काम करणाऱ्याला रंगमंचावर आणले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव मोडत गेले.

कापड मात्र थांबले नाही. यंत्रमाग भिवंडीत आधीपासूनच होते. गिरण्या थंडावल्या तसे त्यांच्याकडचे काम वाढले. माग इकडे वाढले, पण मागाभोवतीची व्यवस्था तिकडेच राहिली. इथे छोट्या गाळ्यांत थोडे थोडे माग, सर्रास बारा तासांची पाळी आणि विणलेल्या कापडावर मजुरी. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कारागीर रात्री आठला सुटला तर त्याला नाटक नको, झोप हवी असते. महापालिकेचे मीनाताई ठाकरे रंगायतन आहे, पण त्यातल्या प्रयोगांपेक्षा त्याच्या दुरवस्थेचीच चर्चा अधिक झाली. नाट्यगृह बांधता येते. प्रेक्षकाची संध्याकाळ बांधता येत नाही.

या स्थित्यंतराकडे आपल्या रंगभूमीने कसे पाहिले? जयंत पवारांचे ‘अधांतर’ (1997) हे त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर. लालबागच्या एका खोलीत आई आणि तिची मुले. एक लेखक होऊ पाहणारा, एक क्रिकेटवेडा, एक गुन्हेगारीकडे वळलेला. गिरणी बंद पडली म्हणजे घरात काय मोडते, ते पवारांनी भाषणबाजीशिवाय दाखवले. रामू रामनाथन यांचे ‘कॉटन 56, पॉलिस्टर 84’ सुनील शानबाग यांनी 2006 मध्ये रंगमंचावर आणले. दोन जुन्या कामगारांच्या गप्पांतून त्यात अख्खा गिरणगाव जागा होतो. दोन्ही नाटके मोठी आहेत. तरीही दोन्हींचा जीव हरवलेल्या गिरणगावात अडकला आहे. साचा बंद पडल्याचा आवाज मराठी नाटकाने ऐकला. चालू मागाचा खडखडाट त्याने अजून पुरेसा ऐकलेला नाही. गमावलेल्या कामगाराचे दुःख आपल्या ओळखीचे होते, मराठी होते. नव्या कामगाराची भाषा भोजपुरी, उर्दू किंवा तेलुगू. त्यामुळे तो आपल्या नाटकातले पात्र झाला नाही, आणि प्रेक्षकही झाला नाही.

चित्रकलेत एक वेगळे पाऊल पडले. ‘लोअर परळ’ रंगवणारे ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांनी 2008-09 मध्ये समकालीन भारतीय कलेचे ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहरांत नेले. प्रेक्षकाने कलादालनापर्यंत यावे, हा हट्ट त्यांनी सोडला. तरुण कलावंतांच्या प्रदर्शनांना हा धडा अजून लागू पडतो. दालनाचे भाडे, चौकटींचा खर्च आणि मुंबईचे हेलपाटे परवडणाराच ‘उदयोन्मुख’ ठरत असेल, तर ती निवड गुणांच्या आधीच झालेली असते.

भिवंडी कोरडी नाही. इथे मुशायरे रंगतात, गणेशोत्सवाचे देखावे होतात, आगरी लग्नांत धवले गायले जातात. यंत्रमागाचेच दुसरे गाव असलेल्या मालेगावने तर स्वतःचा सुपरमॅन तुटपुंज्या पैशांत पडद्यावर आणला. 2008 च्या माहितीपटामुळे तो जगाला कळला. कलेची भूक सिद्ध करण्याची गरज नाही. प्रश्न वेळापत्रकाचा आहे.

ते अगदी साध्या गोष्टींत दिसते. मुंबईचे प्रयोग शनिवार-रविवारी लागतात. भिवंडीतल्या अनेक कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे, मुंबईच्या थेट लोकलवर नाही. रात्री अकराला पडदा पडल्यावर प्रेक्षकाने ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा शोधायची. म्हणून कलामहिन्याचे परीक्षण करताना प्रयोग कसा झाला याबरोबर तो कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे झाला, हेही समीक्षेने विचारले पाहिजे. एखादी नाट्यसंस्था शुक्रवारी दुपारी भिवंडीत प्रयोग लावील, एखादा तरुण चित्रकार मागाच्या गाळ्यातच आपली चित्रे टांगील, तेव्हा त्या महिन्याला शहराचा कलामहिना म्हणता येईल. तोवर तो अर्ध्या शहराचा आहे. उरलेले अर्धे त्या वेळी पाळीवर असते.