ए-लेव्हल : पात्रतेचा दाखला की रांगेतला क्रमांक?

इंग्लंडमधल्या ए-लेव्हल परीक्षेला आपल्याकडे सर्रास ‘तिकडची बारावी’ म्हटले जाते. वयापुरते ते ठीक आहे. दोन्ही परीक्षा अठराव्या वर्षाच्या आसपास येतात. पण ए-लेव्हलचा सत्तरहून अधिक वर्षांचा इतिहास चाळताना एक प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो, आणि तो आपल्यालाही लागू आहे. शाळा संपवताना दिलेली परीक्षा विद्यार्थ्याला काय येते ते सांगते, की तो कितवा आहे ते?

ही परीक्षा १९५१ साली सुरू झाली. त्याआधीच्या हायर स्कूल सर्टिफिकेटसाठी विषयांचा गट एकत्र उत्तीर्ण व्हावा लागे. आता प्रत्येक विषय स्वतंत्र झाला. आजही बहुतेक विद्यार्थी दोन वर्षे तीनच विषय खोलात शिकतात. गणित, भौतिकशास्त्र आणि इतिहास असे त्रिकूट तिथे कोणाला खटकत नाही. आपल्या शाखानिहाय बारावीच्या मानाने हा मोकळेपणा हेवा वाटावा असाच आहे.

तरीही परीक्षेची नजर पहिल्यापासून विद्यापीठाकडे होती. ती घेणारी बरीचशी मंडळेही विद्यापीठांनीच उभी केलेली होती. १९६३ पासून श्रेणींची वाटणी जवळपास ठरून गेली : वरच्या दहा टक्क्यांना ए, पुढच्या पंधरांना बी, मग दहांना सी, पंधरांना डी आणि वीसांना ई. म्हणजे एखाद्या वर्षी सगळ्यांनीच उत्तम पेपर लिहिले, तरी ए साधारण दहातल्या एकालाच. १९८७ च्या सुमारास ही चौकट सैल झाली आणि उत्तराच्या दर्जाला अधिक महत्त्व आले. पुढे ए मिळवणारे वाढत गेले, विद्यापीठांना त्यांच्यातून निवड करणे अवघड झाले आणि २०१० मध्ये ए-स्टार ही नवी पायरी आली. मोजपट्टी बदलली, रांग लावण्याची गरज तशीच राहिली.

प्रवेशाची रीत ही गरज आणखी पक्की करते. निकालाच्या कित्येक महिने आधी शिक्षक श्रेणींचा अंदाज कळवतात आणि विद्यापीठ सशर्त जागा देऊ करते : अमुक श्रेणी मिळाल्या, तर जागा तुझी. त्यामुळे ऑगस्टमध्ये एका विषयात एक पायरी घसरली, तरी जागा हातची जाऊ शकते.

२०२० साली महामारीमुळे परीक्षाच झाल्या नाहीत, तेव्हा हे सारे उघड्यावर आले. शिक्षकांकडून प्रत्येकाची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातला क्रम मागवला गेला. मोठ्या वर्गांत मात्र शाळेचे मागचे निकाल आणि तो क्रम यांवरूनच गणिती सूत्राने श्रेणी ठरवल्या. अगदी लहान वर्गांत शिक्षकांचा शब्द चालला, आणि असे वर्ग खासगी शाळांत अधिक. १३ ऑगस्टला निकाल लागले. इंग्लंडमध्ये सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाखाली गेल्या होत्या. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली. दोष यंत्राच्या माथी मारला गेला. माझ्या मते यंत्राने १९६३ चाच विचार निर्दयपणे पुढे नेला; फरक इतकाच, की आता विद्यार्थ्याबरोबर त्याच्या शाळेचा पूर्वेतिहासही रांगेत उभा केला गेला.

आपण हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. १८५९ साली न्या. रानडे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले, तेव्हा ती उघडपणे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. पुढे शालान्त परीक्षा मंडळाकडे गेल्या, आणि आता अभियांत्रिकीची रांग सीईटी-जेईई लावते, वैद्यकीयची नीट. बारावीवरचा रांगेचा भार हलका झाला. मग तिने निवांतपणे ज्ञान मोजायला हवे होते. घडले उलटेच. कनिष्ठ महाविद्यालयांचे विज्ञानवर्ग ओस पडले, मुले क्लासेसमध्ये बसू लागली आणि बारावी ही पात्रतेपुरते गुण काढण्याची औपचारिकता झाली. २०२१ मध्ये दहावीचे तीस, अकरावीचे तीस आणि बारावीचे चाळीस टक्के जोडून निकाल लावला गेला, तेव्हा ती औपचारिकता कागदावरच दिसली.

इंग्लंडने दोन्ही कामे मुख्यतः एका परीक्षेच्या खांद्यावर टाकली. आपण ती वेगळी केली आणि पहिले काम वाऱ्यावर सोडले. जो विद्यार्थी पुढे विद्यापीठात जाणारच नाही, त्याच्या हाती शाळेने दिलेला शेवटचा कागद हाच असतो. त्याला काय येते, हे त्या कागदाने नीट सांगायला हवे. रांगेची सोय झाली म्हणून हे काम संपत नाही.