निरोगी मेंदूचे मोजमाप आणि पुण्यातील एक निकाल

मेंदूलहरींच्या संख्यात्मक विश्लेषणाची चिकित्सा करण्यासाठी महाराष्ट्रातील अभ्यासकाला दूर जाण्याचे कारण नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना इतर पुराव्यांबरोबर मेंदूलहरींच्या आलेखाचाही आधार घेतला. या चाचणीत व्यक्तीला डोळे मिटून शांत बसवितात व घटनेविषयीची विधाने ऐकवितात. एक शब्दही न बोलणाऱ्या त्या व्यक्तीच्या मेंदूत प्रसंगाचे 'अनुभवजन्य ज्ञान' आहे किंवा नाही, हे संगणकीय विश्लेषणावरून ठरविले जाते. सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेली ही 'बीईओएस' पद्धत होय.

आक्षेप यंत्रावर नाही. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूलहरी प्रथम नोंदविल्या. डोळे मिटताच डोक्याच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी ठळक होतात, हे आज पदव्युत्तर विद्यार्थीही दाखवू शकतो. परंतु काही प्रौढांत, ते पूर्ण निरोगी असूनही, या लहरी अगदी क्षीण असतात. वय, गुंगी, औषधे, कवटीची जाडी, इतकेच काय, नुकताच घेतलेला चहासुद्धा आलेख बदलतो. पापणीच्या उघडझापीचा विद्युतसंकेत तर मूळ लहरींहून मोठा असतो. तेव्हा 'सामान्य' कक्षा कोणाच्या मोजमापांवरून आखली, हा प्रश्न गौण ठरत नाही.

त्यात संख्याशास्त्राची अडचण आहे. १९ इलेक्ट्रोड आणि ४ वारंवारिता-पट्टे घेतले तर ७६ तुलना होतात. पाच टक्क्यांची पातळी ठेवल्यास, प्रत्यक्षात काहीही फरक नसताना, सरासरी चार ठिकाणी 'लक्षणीय' फरक आढळेल. (नवी मुंबईत विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना या चुकीसाठी मी दोन गुण कमी करतो.) म्हणूनच निर्दोष, निरोगी व्यक्तींपैकी किती जणांना ही पद्धत 'जाणकार' ठरवील, याचा स्वतंत्रपणे पडताळलेला आकडा न्यायालयासमोर येण्याआधी तज्ज्ञांसमोर यावयास हवा होता. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवून तिचा पुरावा म्हणून वापर थांबविण्याची शिफारस केली.

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने घेण्यास मनाई केली, आणि संमती असली तरी केवळ चाचणीचा निष्कर्ष पुरावा ठरणार नाही, असेही सांगितले. निकाल स्वागतार्हच आहे. मात्र त्याचा मुख्य आधार व्यक्तीचे मौन आणि स्वातंत्र्य हा आहे, मापनाची विश्वसनीयता नव्हे. शिवाय चाचणीतून पुढे हाती लागलेली वस्तू वा माहिती, चाचणी स्वेच्छेने दिलेली असल्यास, पुराव्यात येऊ शकते. तो दरवाजा उघडा असेपर्यंत चुकीच्या होकाराचे प्रमाण मागण्याचे काम शास्त्राच्या अध्यापकांकडेच राहते.