पंडितेची साधी मराठी

संत लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. रात्रभर जाळी टाकूनही काही न मिळालेले सिमोन व त्याचे सोबती काठावर जाळी धूत आहेत, आणि नासरेथच्या सुताराच्या घरी वाढलेला एक गुरू त्याला पुन्हा खोल पाण्यात जावयास सांगतो. प्रवचनांतून भर दिला जातो तो जाळी फाटण्याइतक्या मासळीवर. आम्हांस मात्र त्याआधीचा क्षण अधिक मोलाचा वाटतो. गालील सरोवराचे पाणी सिमोनला तोंडपाठ होते. आमच्या मालेगावात मोसम नदीच्या दोन्ही काठांवर यंत्रमागांचा खडखडाट चालतो. त्या आवाजात पडलेला बारीकसा फरक ऐकून बिघाड ओळखणाऱ्या कारागिराला एखाद्या सुताराने येऊन माग कसा चालवावा हे सांगितले, तर तो काय उत्तर देईल? सिमोन आपला अनुभव लपवीत नाही. रात्र वाया गेल्याचे तो आधी स्पष्ट सांगतो, आणि मग केवळ त्या शब्दाखातर जाळे सोडतो. आपले ज्ञान त्याने खोटे ठरविलेले नाही. ते बाजूला ठेवले आहे.

मराठी वाङ्मयात असे जाळे कोणी सोडले, याचा विचार करू लागलो की आम्हांस पंडिता रमाबाई आठवतात, आणि तेही त्यांच्या समाजकार्यापेक्षा त्यांच्या बायबलच्या भाषांतरामुळे. शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकेच्या प्रवासवर्णनाचेही कौतुक होते. भाषांतराचा उल्लेख मात्र चरित्राच्या शेवटच्या पानावर एका वाक्यात उरकला जातो. वाङ्मय म्हणून ते तपासावे असे फार थोड्यांना वाटले. ख्रिस्ती वाचकांनीही यात काही वेगळे केलेले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

रमाबाईंचे पांडित्य ही सामान्य गोष्ट नव्हती. 1858 साली जन्मलेल्या या मुलीला आईवडिलांनी संस्कृत शिकविले आणि पुराणांचे हजारो श्लोक मुखोद्गत करविले. 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील गेले. भावासमवेत पायी हिंडत ती कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा 1878 साली तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुरुषांच्या सभेत संस्कृतात बोलणारी वीस वर्षांची स्त्री! त्या काळात पोट भरावयास, मान मिळवावयास आणि वाद जिंकावयास तिच्यापाशी एवढे एकच धन होते.

त्यांची मराठी या धनावरच उभी होती. 1882 सालचे ‘स्त्रीधर्मनीति’ उघडून पाहावे. स्त्रियांना उपदेश करण्यासाठी लिहिलेले हे पुस्तक संस्कृत शब्दांनी इतके जड आहे की, ज्या स्त्रियांसाठी ते लिहिले त्यांपैकी कितीजणींना ते वाचता आले असेल, अशी शंका येते. पुढे 1889 साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. येथे लेखणी मोकळी झालेली दिसते. पाहिलेले सांगण्याची घाई, आकडे व माहितीची हौस, मधूनच चिमटा काढण्याची खोड यांमुळे हे गद्य आजही ताजे वाटते. याच लेखिकेने आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे ज्या कामाला दिली, त्या भाषांतरात मात्र ना ते पांडित्य दिसते, ना तो खेळकरपणा. लेखिका स्वतः कोठेच दिसत नाही.

हे सहज घडलेले नाही. त्या काळच्या मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील व अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, तसेच तिच्यातील काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा असा रंग आहे की वाचकाच्या मनात भलताच अर्थ उभा राहतो, असे रमाबाईंचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा आधार घेतला, आणि मराठी निवडली ती मुक्तीतील मुलींना कळेल अशी. संस्कृत शब्दाची पारख त्यांच्याइतकी असलेली माणसे मराठीत थोडीच होती. कोणता शब्द गाळावा हे ठरविण्यासाठीही तीच पारख लागते. अज्ञानी माणसाचा साधेपणा आणि ज्ञान्याने पत्करलेला साधेपणा यांत हाच फरक आहे.

याची मुळे त्यांच्या आत्मिक प्रवासात शोधावी लागतात. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात त्यांचा स्नानसंस्कार झाला. परंतु त्यानंतर कित्येक वर्षे आपली श्रद्धा बुद्धीपुरतीच होती, ख्रिस्ताच्या स्वाधीन होणे 1891 च्या सुमारास घडले, असे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. धर्म समजणे आणि त्याच्या शब्दावर भार टाकणे यांतील अंतर त्यांनी स्वतः मोजले होते.

येथे एक अडचण आम्ही टाळू इच्छित नाही. वाँटेजच्या भगिनींशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या धर्मसिद्धांतांविषयी कडाडून वाद घालतात आणि आपल्या वतीने दुसऱ्या कोणी शास्त्राचा अर्थ ठरविण्यास नकार देतात. कॅथलिक वाचकाला हे खटकणारच. शास्त्रापुढे मान तुकवायची, पण अर्थ मात्र स्वतःच्या बुद्धीने लावायचा, हाही पांडित्याचाच एक प्रकार नाही काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात अर्थनिर्णयाचा अधिकार ख्रिस्तसभेकडे ठेवला, आणि त्याच दमात हा अधिकार ईश्वरी शब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे, असेही बजावले. रमाबाईंचा पहिल्या गोष्टीला विरोध होता. दुसरी गोष्ट त्यांना पूर्ण उमगली होती, असे आमचे मत आहे. वादात त्या पंडिता राहिल्या. भाषांतराच्या टेबलापाशी बसल्यावर मात्र त्या सेविका झाल्या.

वाङ्मयीन दृष्टीने ही किंमत फार मोठी होती, हेही मान्य केले पाहिजे. मूळ शब्दाशी एकनिष्ठ राहण्याच्या हट्टापायी त्यांचे वाक्य पुष्कळदा अवघडते. उच्चारून वाचताना श्वास कोठे घ्यावा ते कळत नाही. स्तोत्रांना आणि संदेष्ट्यांच्या वाणीला जो नाद हवा, तो या उघड्यावाघड्या गद्यात सापडत नाही. आपले फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण नेमके उलट आहे. 1579 साली गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले. त्यात त्यांनी ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यासही संकोच केला नाही. परक्या भाषेत कमावलेले सारे कौशल्य त्यांनी प्रभूपुढे ओतले. रमाबाईंनी जन्मजात असलेले कौशल्य आवरून धरले. चारशे वर्षे भाविकांच्या कानात राहिले ते ख्रिस्तपुराण. रमाबाईंचे बायबल मुक्तीच्या आवाराबाहेर फारसे रुजले नाही. मग शरणागती कोणाची खरी? आमच्या मते दोघांचीही. मात्र स्टीफन्सकडे सर्वांचे लक्ष सहज जाते, आणि रमाबाईंकडे ते मुद्दाम वळवावे लागते.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नाही. आमच्या भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते. रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन चालू असताना मागच्या बाकावरील आजीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहावे. ‘समर्थन’, ‘प्रायश्चित्त’, ‘अभिषिक्त’ हे शब्द धर्मज्ञानाच्या दृष्टीने अचूक आहेत. सेमिनरीत त्यांच्या व्याख्या पाठ केलेल्या असतात, आणि सोपा शब्द वापरला तर अर्थ निसटेल असे भय शिकलेल्या माणसाला वाटत असते. भय अगदीच निराधार नाही. पण त्या भयात अर्थाची काळजी किती आणि आपल्या शिक्षणाची किती, हे प्रत्येक अनुवादकाने आणि प्रवचनकाराने तपासून पाहण्यासारखे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या ग्रंथाला ‘सुबोध बायबल’ हे नाव दिले, तेव्हा ‘सुबोध’ हा शब्द त्यांनी उगाच निवडला नसावा.

रमाबाईंना आपले छापील बायबल पाहता आले नाही. 1921 साली कन्या मनोरमा गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. भाषांतर त्यापूर्वी पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ 1924 साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम तेथेच अक्षरओळख झालेल्या मुली व स्त्रिया करीत असत. ज्यांच्यासाठी पंडितेने आपली संस्कृत आवरून धरली होती, त्यांच्याच हातांखालून तो मजकूर एकेक अक्षर करीत गेला.