एकशे तेरावा प्रयोग

अपघाताच्या चौकशीचा अहवाल हा काही टीकालेखाचा विषय नव्हे, असे म्हणणारे म्हणोत. कोलंबिया अपघात चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा पहिला खंड मी कादंबरी वाचावी तसा वाचला. आणि अलीकडे हाती आलेल्या कादंबऱ्यांपैकी फार थोड्यांनी मला इतके अस्वस्थ केले आहे.

कथानक सर्वांस ठाऊक आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले. ८२ सेकंद होतात न होतात तोच बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीस परतीच्या वाटेवर त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि कल्पना चावलासह सातही जण गेले. शेवट आधीच ठाऊक असून वाचक थांबत नाही, याचे कारण मंडळाचे लक्ष तुकड्याइतकेच शब्दांवरही आहे.

या कथेतला खलनायक म्हणजे एक विशेषण: 'ऑपरेशनल'. चार उड्डाणे झाल्यावर, १९८२ साली, शटल आता चाचणीचे यान राहिले नाही, नित्याच्या वापराचे झाले, असे जाहीर करण्यात आले. आपल्याकडे 'प्रयोग' हा शब्द रंगभूमीलाही चालतो आणि प्रयोगशाळेलाही. नाटकमंडळी शंभराव्या प्रयोगाला हारतुरे घालतात, कारण सगळे बसलेले असते. प्रयोगशाळेतला प्रयोग काय होईल ते ठाऊक नसते म्हणूनच करायचा. कोलंबियाचे ते उड्डाण शटलचे ११३वे. ते दुसऱ्या अर्थाने प्रयोग होते आणि नासा ते पहिल्या अर्थाने करीत होती, असे मंडळाचे म्हणणे मी माझ्या भाषेत सांगेन.

फोम तर पहिल्या उड्डाणापासून निसटत होता. यान दर वेळी सुखरूप परतले, आणि ते परतणे हाच सुरक्षिततेचा पुरावा ठरला. (मास्तरांनी विचारले नाही म्हणजे आपला पाठ झाला, असे समजणारी मुले मी रोज पाहतो.) ऑक्टोबर २००२ मध्ये त्याच जागेचा तुकडा बूस्टरच्या बाजूला आदळला होता, तरी पुढची उड्डाणे थांबली नाहीत.

अहवालातले सर्वांत जळजळीत पान एका तक्त्याचे आहे. यान वर असताना अभियंत्यांनी वरिष्ठांना दाखवलेला हा तक्ता. मथळा दिलासा देणारा. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: चाचण्या झाल्या होत्या ३ घनइंचांच्या तुकड्यांवर, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट. एडवर्ड टफ्टी यांचे या तक्त्यावरचे विवेचन अहवालात घेतले आहे. 'सिग्निफिकंट' हा शब्द त्यात पाच वेळा येतो आणि एकदाही निश्चित काही सांगत नाही, हे त्यांनी दाखवले आहे. शैलीचे असे परीक्षण आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांतही क्वचितच सापडेल. यान कक्षेत असताना त्याची छायाचित्रे घ्यावीत ही अभियंत्यांची मागणी मान्य झाली नाही. पुढे ७ जुलै २००३ रोजी टेक्ससमध्ये हवेच्या तोफेतून पंखाच्या कडेच्या पॅनेलवर फोम डागला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचे भोक पडले. इतका हलका पदार्थ असे काही करील, हे तोवर पुष्कळांना खरे वाटत नव्हते.

माझी तक्रार एकच. १९८६ चा चॅलेंजर आणि २००३ चा कोलंबिया शेजारी ठेवणारे आठवे प्रकरण विचाराने भक्कम आहे, पण तेथे 'संस्थेची संस्कृती' इतकी पुढे येते की नकार देणारी माणसे धूसर होतात. 'नको' म्हणताना त्या माणसाच्या मनात काय होते? मंडळाने तिथवर जायला हवे होते, असे मला वाटते.

अपघातानंतरची पहिली दोन उड्डाणे चाचणी-उड्डाणे म्हणूनच योजली गेली. पहिले २६ जुलै २००५ रोजी झाले. टाकीवर नवे कॅमेरे होते, आणि त्यांना फोमचा मोठा तुकडा पुन्हा निसटताना दिसला. तो यानाला लागला नाही. तरी दुसरे उड्डाण ४ जुलै २००६ पर्यंत थांबवले गेले.