शशी गोडबोलेचे कान

विमानात एक इंग्रजी चित्रपट चालू आहे. शेजारी बसलेले अमिताभ बच्चन पात्रांचं बोलणं हिंदीत करून सांगतात आणि शशी गोडबोले (श्रीदेवी) तो रंगून बघते. गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश'मधला (२०१२) हा प्रसंग गमतीचा म्हणून लक्षात राहतो. मला मात्र त्यात सगळ्या चित्रपटाचा कणा दिसतो. आधी चेहरा, मग आवाज, शब्द त्यामागून. शशीला इंग्रजी येतं ते याच क्रमानं.

मुंबईत गिरगावातल्या मराठी शाळांतून शिकून फोर्टातल्या कचेऱ्यांत नोकरीला लागलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. तर्खडकरांच्या इंग्रजी पाठमालेनं व्याकरण पक्कं केलं; पण साहेबाला नाही कसं म्हणायचं, हे कळायला धोबीतलावच्या मेट्रो चित्रपटगृहातले इंग्रजी चित्रपट आणि सकाळचं इंग्रजी वर्तमानपत्र उपयोगी पडे.

लग्नासाठी न्यूयॉर्कला गेलेली शशी तिथल्या कॅफेत अडते ती अशाच जागी. कॉफी कुठली, पाणी कुठलं, आणखी काय हवं. काउंटरवरची बाई प्रश्नावर प्रश्न टाकते, मागे रांग खोळंबते. श्रीदेवी इथे डोळ्यांनी आणि खांद्यांनी बोलते. प्रश्न कानावर पडल्यापासून त्याचा अर्थ लागेपर्यंतचा जीवघेणा क्षण तिच्या चेहऱ्यावर उमटतो. नंतर ती चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गाला जाते आणि रात्री इंग्रजी चित्रपट बघत बसते. वर्गातले विनोद गोड आहेत, पण मला या रात्री जास्त मोलाच्या वाटतात. इथे तिला कुणी हसत नाही, चुकली तरी पुन्हा ऐकता येतं.

शशीच्या सासूबाई झाल्या आहेत सुलभा देशपांडे. दादरच्या छबिलदास शाळेतल्या शिक्षिका, 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातल्या बेणारेबाई, 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या एक संस्थापक. भूमिका छोटी, तरी नवरा आणि मुलगी जिच्या इंग्रजीची टर उडवतात, त्या सुनेविषयीची माया त्यांच्या नुसत्या वावरण्यात आहे. मराठी प्रेक्षकाला गोडबोल्यांचं घर खरं वाटतं, त्यात या बाईंचा वाटा मोठा.

परतीच्या विमानात शशी हवाई सुंदरीला हिंदी वर्तमानपत्र आहे का, असं स्वच्छ इंग्रजीत विचारते. नवी भाषा आली म्हणून जुनी टाकायचं तिच्या मनातही येत नाही. गौरी शिंदे यांना हा चित्रपट सुचला तो पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या आईवरून, तेव्हा जुन्या भाषेविषयीचा हा आदर कुठून आला ते कळतं.

सगळ्यांत उंचीवर जातं ते लग्नातलं भाषण. लग्नाचे लाडू पुन्हा वळायचे म्हणून शशीची वर्गाची परीक्षा हुकलेली असते, हे भाषणच तिची परीक्षा ठरतं. ती अडखळते, शब्द शोधते. दिग्दर्शिका त्या थांबण्यावर कात्री चालवत नाही, आणि श्रीदेवीही ते सफाईनं झाकत नाही. समोर बसलेले वर्गसोबती श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट बघतात. आपणही त्यांच्याच रांगेत बसलेले असतो.