शाळा कुरणात गेली, मोहल्ल्यात केव्हा?

शाळेच्या भिंती पाडा, असे सांगणारी पुस्तके आम्ही आवडीने वाचतो. त्यांत इव्हान इलिच यांच्या ‘डीस्कूलिंग सोसायटी’ (१९७१) या पुस्तकाचा मान मोठा. शाळेने शिकण्याची आणि दाखल्याची गाठ मारली, आणि गरिबाचे मूल मागे पडले की दोषही त्याच्याच माथी मारला, हे इलिच यांचे म्हणणे खोटे नाही. शाळेऐवजी ते सुचवतात ते असे : शिकण्याची साधने सर्वांना खुली असावीत, हुनर जाणणाऱ्याने ते दुसऱ्याला द्यावे, बरोबरीचा सोबती शोधता यावा, जाणत्यांचा सल्ला मिळावा.

हे वाचताना आम्हांला आमचाच मोहल्ला दिसतो. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर, गॅरेजात, जरीच्या कारखान्यात आमची मुले उस्तादाच्या हाताखाली कामे शिकतच आली. मग त्यांना इलिच यांच्या कल्पनेतली मुक्त मुले म्हणायचे काय?

आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की, ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुले एक तर कधी शाळेत गेली नाहीत किंवा मध्येच गळाली. मदरशात जाणारी मुले चार टक्क्यांहून अधिक नाहीत, हेही तिनेच दाखवले. म्हणजे बाकीच्यांना ना शाळा मिळाली, ना मदरसा. त्यांनी शाळा नाकारलेली नाही. शाळेनेच त्यांना वाटेत सोडले. कांड्या भरणाऱ्या पोराला उस्ताद माग शिकवतो, मजुरीचा हिशेब तपासायला शिकवत नाही. दाखला निरर्थक आहे, हे ज्याच्या खिशात दाखला आहे त्यालाच परवडते.

म्हणून अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन आम्हांला अधिक जवळचे वाटते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले गुरे राखत म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. खडे, पाने, काड्या हाताशी होत्याच. गुरे सोडून ये, असे मुलाला कुणी दरडावले नाही. पण गुरे राखणे हेच त्याचे शिक्षण, असे म्हणून या बाया स्वस्थही बसल्या नाहीत. इलिच यांच्या मांडणीत आम्हांला न सापडलेली गोष्ट ती हीच : मुलाकडे चालत जाणारा शिक्षक.

तरीही कुरणशाळा जशीच्या तशी उचलून चालणार नाही. गुरे चरतात तेव्हा राखणाऱ्याला सवड असते, माग मुलाला सवड देत नाही. आधी मूल मागापासून सुटले पाहिजे, मगच मकतबच्या त्याच चटईवर संध्याकाळी गणिताची वही उघडता येईल. शिकवायला मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुली आहेत. त्यांना विचारले मात्र पाहिजे.

आमच्या लेखकांकडूनही एक अपेक्षा आहे. उस्ताद-शागिर्दाच्या गोड कथा आम्ही पुष्कळ लिहिल्या. अनुताईंनी आपल्या मुलांचे रोजचे जगणे लिहून ठेवले. आमच्या कांड्या भरणाऱ्या पोरांचे तसे कोण लिहिणार?